पाळी : सोलापूरच्या साखर पेठेतील एका घराच्या कामाच्या नोंदी

5 जानेवारी (तेरा आठवडे, पाच दिवस)

घरांचे नकाशे काढणाऱ्या आमच्या कार्यालयात प्रत्येक कामाची वही ठेवण्याची शिस्त गेली सहा वर्षे अंगवळणी पडली असल्यामुळे घरच्या या कामाचीही वही आजपासून सुरू करीत आहे. शेवटची पाळी 1 ऑक्टोबरला आली होती. तीत 280 दिवस मिळवून डॉक्टरांनी 8 जुलै ही तारीख फाइलीवर लिहून दिली आहे. कामाची मुदत म्हणून मीही तीच तारीख धरली आहे. आमच्या गल्लीत ‘पाळी चुकली’ असे म्हटले, तर ऐकणारी बाई आधी कोरड्या नळाकडे पाहते आणि मग बोलणारीच्या चेहऱ्याकडे, कारण नळाला येणाऱ्या पाण्याच्या दिवसालाही येथे पाळीच म्हणतात. नोव्हेंबरात मी शेजारच्या अम्मांना ही बातमी सांगितली, तेव्हा त्यांनी खरोखरच विचारले होते, “पाण्याची का तुझी?”

खरे तर मला पाळण्यापासून सुरुवात करायची होती. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मात्र स्पष्ट सांगितले की, बाळ घरात येण्यापूर्वी बाळासाठी एक टोपडेसुद्धा विकत आणायचे नाही. माझ्या माहेरी, मंगळवेढ्याकडे, हीच रीत आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. आमच्या व्यवसायात घर हाती देण्याच्या दिवशी सगळे तयार असावे लागते आणि येथे तर त्या दिवसाआधी काहीच आणायचे नाही. बराच विचार केल्यावर लक्षात आले की, एक गोष्ट कोणाच्याही नावावर न चढवता आधी आणता येते, आणि ती म्हणजे पाणी. म्हणून या कामाचे नाव ‘पाण्याची सोय’ असे ठेवले आहे. टाकी घराची असते, असे मी आत्याबाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि “असू दे मग” म्हणाल्या.

8 जानेवारी

सध्याची स्थिती नोंदवते. आमच्या भागात चार दिवसांआड, म्हणजे पाचव्या दिवशी पाणी सुटते आणि दोन-अडीच तास राहते. सोलापूरला पाणी येते ते उजनी धरणातून, भीमेवरच्या टाकळीच्या बंधाऱ्यातून आणि हिप्परग्याच्या तलावातून. यांपैकी कोठेही जलवाहिनी फुटली की पाचवा दिवस सहावा होतो. दाब इतका कमी असतो की, वाड्याचा नळ जमिनीवर न ठेवता दोन फूट खोल खड्ड्यात उतरवलेला आहे. गल्लीतल्या बहुतेक घरांचे नळ असेच खड्ड्यात आहेत आणि ज्यांना तेवढ्यावर भागत नाही ते नळालाच मोटर जोडतात. ते नियमाविरुद्ध आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि मोटर कोणाची चालू आहे हेही सर्वांना ठाऊक असते, कारण त्या क्षणी शेजारच्या नळाची धार करंगळीएवढी होते.

आमच्याकडे 700 लिटरचा जमिनीतला हौद आहे, 200 लिटरची दोन पिंपे आहेत आणि हंडे, कळश्या, बादल्या मिळून 110 लिटर होतात, म्हणजे एकूण 1,210 लिटर. हौद आणि पिंपांपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंतचे अंतर टेपने मोजले, ते 11 मीटर भरले. भरलेला हंडा कमरेवर घेऊन मी ते अंतर चार वर्षे पार करीत आले आहे. त्यात पाणीच पंधरा लिटर, म्हणजे पंधरा किलो असते, हा विचार डॉक्टरांनी “जड उचलू नका” म्हणेपर्यंत कधी केला नव्हता. आता हंडे यजमान भरतात, परंतु ते अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे, आहेत. त्यांची रात्रपाळी असेल आणि पाणी पहाटे सुटले, तर उचलायला मी आणि संधिवाताच्या आत्याबाई एवढ्याच उरतो.

मागच्या पाच दिवसांत कोणत्या कामाला किती बादल्या लागल्या याच्या रेघा मोरीच्या दारावर खडूने मारल्या होत्या. त्यावरून रोजचा खर्च असा निघतो: पिण्या-स्वयंपाकाला 28 लिटर, तिघांच्या आंघोळीला 66, भांड्यांना 34, कपड्यांना 48, संडासाला 54 आणि बाकीच्या किरकोळ कामांना 10, एकूण 240. शहरी पाणीपुरवठ्याचा आराखडा करताना आम्ही माणशी 135 लिटर धरतो. येथे माणशी 80 लिटर पडले. पाच दिवसांचे 1,200 होतात आणि साठा 1,210 आहे. पाचव्या दिवशी दुपारी हौदाचा तळ का दिसतो, याचा खुलासा त्या दहा लिटरांत आहे.

पुढचा हिशेब अंदाजाचा आहे. बाळंतपणाला आई येईल, तिचे 80 लिटर. बाळाचे लंगोट, दुपटी, आंघोळ आणि माझे शेक-शेगडीचे जास्तीचे पाणी मिळून 70 धरले. आत्याबाईंच्या मते हा आकडा फार कमी आहे आणि लंगोटांच्या बाबतीत त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त असला, तरी कोठेतरी थांबावे लागते. रोजचे 150 वाढले, तर पाच दिवसांचे 750. बाजारात 750 लिटरची टाकी मिळते. हिशेब इतका नेमका जुळल्याने मला उगीचच आनंद झाला.

14 जानेवारी

आज काम बंद. संक्रांत असल्यामुळे सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा होता. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी लग्न करण्याचा हट्ट एका कुंभारकन्येने धरला आणि त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची परवानगी दिली, त्या विवाहाचा हा सोहळा मानतात. लहानपणी गावाकडून बसने येऊन मी तो वडिलांच्या खांद्यावरून पाहिला होता. यंदा गर्दीत शिरायचे नाही असे ठरले असल्याने बाराबंदी घातलेले मानकरी आणि सात नंदीध्वज मिरवणुकीच्या वाटेवर एका दुकानाच्या पायरीवरून पाहिले. एवढी उंच काठी कमरेच्या पट्ट्याच्या आधाराने तोलत चालणाऱ्या माणसाकडे पाहताना, भार नेमका कोठून जमिनीत उतरतो आहे, याकडेच माझे लक्ष जात होते. गड्ड्याच्या जत्रेतून एक लाकडी खुळखुळा घ्यावासा वाटला होता, तो घेतला नाही. भाजलेल्या शेंगा घेतल्या.

26 जानेवारी

टाकी कोठे बसवायची, यावर घरात तीन मते होती. यजमानांचे आणि गवंड्याचे म्हणणे असे की, मोरीच्या वरच्या माळवदावर ठेवावी, म्हणजे दाब चांगला मिळेल. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर माती. उन्हाळ्यात ते घर थंड ठेवते, याबद्दल मी त्याची कायम ऋणी आहे, परंतु भरलेल्या टाकीचे 750 किलो एका वाव लांबीच्या जागेत त्याच्यावर ठेवायला मी कोणत्याही अशिलाला परवानगी दिली नसती. एका तुळईत मी पेचकस खुपसून पाहिला, तर तो दोन बोटे आत गेला. तेथे चर्चा संपली. आत्याबाईंचे म्हणणे टाकी जमिनीवरच असावी असे होते, म्हणजे वाकून भरणे आलेच.

शेवटी अंगणात मोरीच्या भिंतीलगत 1.2 मीटर उंचीचा लोखंडी स्टँड उभा करायचे ठरवले. अँगल 50 बाय 50 बाय 6 चे असतील, मीटरला साडेचार किलो वजनाचे. हौदातून टाकीत पाणी चढवायला अर्ध्या अश्वशक्तीची जुनी मोटर घरात आहेच. टाकीतून एक नळ मोरीत आणि एक ओट्यावर येईल. एवढ्या उंचीने धार मोठी पडणार नाही, परंतु आपल्याला कारंजे नको आहे, हंडा उचलणे टाळायचे आहे.

9 फेब्रुवारी

रिक्षा गल्लीत येत नाही, चौकाच्या तोंडाशी थांबते. 108 ची गाडीही तेथेच थांबेल. वाड्याच्या उंबऱ्यापासून तेथपर्यंतचे अंतर नेहमीच्या चालीने मोजले, 132 पावले.

17 फेब्रुवारी (एकोणीस आठवडे, सहा दिवस)

अवयवांची तपासणी करणारी सोनोग्राफी झाली. सर्व व्यवस्थित आहे. पडद्यावर पाठीचा कणा मण्यांच्या ओळीसारखा दिसला आणि क्षणभर बाळाने पाय झाडला. गर्भलिंग सांगणे हा 1994 च्या कायद्याने गुन्हा असल्याचा फलक खोलीत टेबलाच्या अगदी समोर लावलेला आहे, तरी परतताना गल्लीतल्या दोघींनी “काय म्हणाले?” असे नको त्या सुरात विचारलेच. “कणा सरळ आहे” असे उत्तर दिले.

हिमोग्लोबिन 9.8 आहे. गरोदरपणात ते 11 च्या खाली असले, तर रक्तक्षय मानतात. लोहाची गोळी रोज चालू आहे, परंतु मी ती सकाळच्या चहाबरोबर घेत होते. चहामुळे लोह अंगी लागत नाही आणि कॅल्शियमची गोळीही तिच्याबरोबर घ्यायची नाही, हे परिचारिकेने मला शाळकरी मुलीसारखे दोनदा वदवून घेतले. आता लोहाची गोळी रात्री लिंबूपाण्याबरोबर घेते.

1 मार्च

आज टाकी प्रथमच भरली आणि आजच कलंडता कलंडता वाचली. यात सर्वस्वी माझी चूक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

स्टँड यजमानांनी दोन रविवार खपून स्वतः वेल्डिंग करून तयार केला होता. जोड उत्तम होते. टाकीचे आणि लोखंडाचे मिळून वजन 820 किलोच्या आसपास, म्हणजे प्रत्येक पायावर साधारण 205 किलो येणार, हे मी कागदावर मांडले होते. मोरीलगतच्या अंगणात शहाबादी फरशी आहे, पाय तिच्यावर ठेवले आणि पाणसळ लावून पातळी पाहिली. पाणी पहाटे साडेचारला सुटले. सहाच्या सुमारास हौद भरत आला, तेव्हा मोटर लावली आणि टाकी चढू लागली. पाऊण टाकी झाली असेल, तोवर काचेचा पेला दातांनी फोडावा तसा आवाज आला. मोरीकडच्या मागच्या पायाखालची फरशी मधोमध तडकली होती आणि पाय बघता बघता तीन बोटे खाली गेला. टाकी भिंतीला टेकली, म्हणून थांबली.

मोटर बंद करायला मी धावले नाही, ही एकच शहाणपणाची गोष्ट त्या सकाळी माझ्या हातून घडली. यजमानांनी बटण बंद केले, वरच्या मजल्यावरचे दोघे तरुण धावत खाली आले, त्यांनी टाकीला खांदा लावला आणि मी नळ सोडून टाकी रिकामी होईपर्यंत मोजत उभी राहिले. साडेपाचशे लिटर पाणी अंगणात सोडून द्यावे लागू नये म्हणून अख्ख्या वाड्याने हंडे, घागरी, पातेली, एवढेच नव्हे तर अम्मांकडची सूत भिजवण्याची जुनी घमेली आणून लावली. वाया गेले ते फार तर शंभर लिटर.

तडकलेली फरशी उचलली, तेव्हा खाली मोरीच्या जुन्या गटाराचा विटांचा नाला निघाला. तो केव्हाच वापरातून गेलेला होता आणि त्यात भर न घालता वर फरशी बसवलेली होती. दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढताना, जमिनीखाली काय आहे हे आधी खणून पाहा, असे मी गवंड्यांना रोज सांगते. स्वतःच्या अंगणात मात्र वरून गुळगुळीत दिसणाऱ्या फरशीवर विश्वास ठेवला. दुपारी पोट किंचित दुखले, तेव्हा डॉक्टरांना फोन केला. डाव्या कुशीवर पडून राहण्यास आणि हालचालीकडे लक्ष ठेवण्यास त्यांनी सांगितले. संध्याकाळपर्यंत दुखणे गेले आणि हालचाल नेहमीसारखी होती.

8 मार्च

नाला पक्का बुजवला. चारही पायांखाली दीड फूट बाय दीड फूट, तेवढेच खोल काँक्रीटचे चौथरे भरले. सात दिवस पाणी मारायचे आहे आणि पाण्यासाठीच्या कामाला पाणी मारण्याकरिता पाणी पुरवून वापरावे लागत आहे, हे लिहिताना माझे मलाच हसू आले.

21 मार्च

टाकी पुन्हा भरली. चार तास पाणसळ हातात धरून बसले होते, बुडबुडा जागचा हलला नाही. मोजमाप असे: टाकी भरलेली असताना मोरीतल्या नळाखाली पंधरा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते, टाकी तळाला गेल्यावर तिलाच जवळजवळ तीन मिनिटे लागतात. आत्याबाईंना ही धार फार बारीक वाटते. तिच्याखाली बादली ठेवून त्या आता जपमाळ ओढतात.

खर्चाची नोंद: टाकी 5,200 रुपये, अँगल आणि वेल्डिंगचे साहित्य 6,100, पाइप व कॉक 1,900, चौथऱ्यांचे सिमेंट, खडी आणि वाळू 1,150, एकूण 14,350. नाल्याची भर वाड्यातल्या पडक्या भिंतीच्या विटांची, म्हणून फुकट.

9 एप्रिल (सत्तावीस आठवडे, एक दिवस)

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिला जवळच्या आरोग्य केंद्रात गेले. ऊन दहा वाजताच डोक्यावर आले होते. ग्लुकोजची 75 ग्रॅमची पुडी पेलाभर पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायची आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. साखर 140 च्या आत असावी लागते, माझी 128 आली. ते दोन तास एका बाकावर सात जणी बसलो होतो. बोलणे मराठीत सुरू झाले, मग तेलुगूत गेले, कन्नडमध्ये थोडे फिरून पुन्हा मराठीत आले. विषय अर्थातच कोणाच्या भागात पाणी कितव्या दिवशी येते हा होता. जुळे सोलापूर या नव्या वस्तीतून आलेल्या एकीने आपल्या भागातही हीच रड असल्याचे सांगितले, तेव्हा पेठेतल्या आम्हा बायकांना उगीच बरे वाटले.

हिमोग्लोबिन 10.6. चहाची चूक सुधारल्याचा परिणाम असावा.

20 एप्रिल

सातव्या महिन्याची ओटी भरली. अम्मांनी त्यांच्या पद्धतीने हिरव्या बांगड्या भरल्या आणि कुंकवाबरोबर हळदीचा हात गालांना लावला. आत्याबाईंनी शेंगापोळ्या केल्या आणि आईने गावाकडून मालदांडी ज्वारीच्या कडक भाकरी पाठवल्या. या समारंभाचा प्रकल्पाशी संबंध एवढाच की, बावीस माणसे जेवली, भांडी घासली गेली आणि रात्री हौदात तळापासून वीतभर पाणी होते.

मागच्या खोलीतल्या मावशींबद्दल येथेच लिहिते, कारण पुन्हा प्रसंग येईल असे नाही. त्या आमच्या दारासमोरच्या कट्ट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असत. तेंदूची पाने आणि तंबाखू कंपनीच्या शाखेतून आणायचा, हजाराच्या हिशेबाने वळलेल्या विड्या परत द्यायच्या, असे त्यांचे तीस वर्षे चालले आहे. सुरुवातीच्या महिन्यांत तंबाखूच्या वासाने मला सकाळभर उमासे येत. मी त्यांना एका शब्दानेही काही बोलले नव्हते, कारण तो कट्टा माझ्या लग्नाआधीपासून त्यांचा आहे. डिसेंबरात एक दिवस त्या सूप उचलून अंगणाच्या पलीकडच्या, उन्हाच्या बाजूला जाऊन बसल्या आणि अजून तेथेच बसतात. आज ओटीच्या वेळी मी त्याबद्दल काही म्हणू लागले, तर त्यांनी मध्येच तोडले, “इकडं उजेड चांगला हाय की ओ.”

11 मे

पारा 43 च्या वर आहे. यंत्रमागांची खटखट दुपारीही थांबत नाही आणि माळवदाखाली पंखा लावून पडल्यावर ती पंख्याच्या आवाजात मिसळते. बाळ त्या खटखटीला सरावले असावे, कारण वीज गेली आणि माग थांबले की ते जोरात हलू लागते. यजमानांना या गोष्टीचा व्यवसायाच्या अंगाने अभिमान वाटतो.

जलवाहिनी फुटल्यामुळे पाण्याची पाळी पाचव्याऐवजी सातव्या दिवशी आली. सात दिवसांचे आमचे 1,680 लिटर होतात आणि आता साठा 1,960 आहे, तेव्हा नळ सुटला त्या वेळी हिशेबाप्रमाणे 280 लिटर शिल्लक असायला हवे होते. प्रत्यक्षात 200 च्या आसपास निघाले. उन्हाळ्यात माठ आणि कूलर यांचा खर्च मी धरलाच नव्हता. जुलैनंतर रोजचे 390 लागतील, सात दिवसांचे 2,730, म्हणजे असा खंड पुन्हा पडल्यास टाकी पुरणार नाही. लंगोट आणि दुपट्यांची पहिली धुलाई कोपऱ्यावरच्या हापशाच्या पाण्याने करायची आणि फक्त शेवटचे खळबळणे नळाच्या पाण्याने करायचे, अशी तजवीज यजमानांशी बोलून ठेवली आहे. हापसा त्यांनी मारायचा.

2 जून (चौतीस आठवडे, सहा दिवस)

वळवाचे दोन पाऊस झाले. आज सकाळी तुळशीजवळच्या तांब्याच्या घंगाळात अळ्या सापडल्या. घंगाळ लग्नात आलेले, वापरात नसलेले आणि केवळ शोभेसाठी ठेवलेले आहे. त्यात पावसाचे चार बोटे पाणी साठले होते. वाकणे जमत नसल्याने स्टुलावर बसून पाहिले: तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे जीव डोके खाली करून पृष्ठभागाला लटकलेले होते आणि माझी सावली पाण्यावर पडताच वळवळत तळाला जात होते. अर्धा मिनिट मी हललेच नाही, तेव्हा ते एकेक करून पुन्हा वर आले.

डेंग्यूचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होईपर्यंत आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे ज्या शहरात पाच-पाच दिवसांचे पाणी घराघरांत साठवावे लागते, तेथे हा डास पाहुणा राहत नाही, घरचाच होतो. गरोदरपणात डेंग्यूचा ताप आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याचा असतो, हे आरोग्य केंद्रात सांगितले होते. साडेसातशे लिटरची नवी सोय करताना मी डासांचीही सोय करून ठेवत होते, हे मला आज घंगाळाने दाखवले.

उपाय आजच केले. टाकीच्या वाहून जाणाऱ्या पाइपच्या तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दोऱ्याने बांधला. पिंपांवर धोतराचे दुहेरी कापड ताणून रबरी पट्ट्या लावल्या. नुसती झाकणे पुरत नाहीत, त्यांच्या फटीतून डास आत जातात. दर आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायचा, परंतु तो पाणी फेकून पाळायचा नाही. पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी पिंपे वापरून रिकामी करायची, काथ्याने आतून घासायची आणि मगच नवे पाणी घ्यायचे. अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे नुसते ओतून भागत नाही. नवे पाणी सुटले की आदले चांगले पाणी ‘शिळे’ म्हणून गटारात ओतणारी चार घरे आमच्या गल्लीत आहेत. त्यांच्याशी मी वाद घातला आहे आणि हरले आहे. हौदात गप्पी मासे सोडले. घंगाळ उलटे करून ठेवले.

19 जून

गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी चर खणून ठेवला आहे आणि त्याला आठ दिवस झाले तरी बुजवायला कोणी फिरकलेले नाही. यजमानांनी त्याच्यावर दोन जाड फळ्या टाकून, मी त्यावरून चालून पाहण्याआधी स्वतः तीनदा उड्या मारून पाहिल्या. उंबऱ्यापासून चौकापर्यंतचे अंतर पुन्हा मोजले: 168 पावले. फेब्रुवारीत 132 होती.

3 जुलै (एकोणचाळीस आठवडे, दोन दिवस)

आज पाण्याची पाळी होती आणि खंड पडला नाही, तर पुढची 8 जुलैला येते. त्या दिवशी आम्ही तिघेही दवाखान्यात असलो, तर नळ कोण भरणार, हा प्रश्न गेले पंधरा दिवस वहीत अनुत्तरित पडला होता. अम्मांनी तो परवा उंबऱ्यावर बसून एका वाक्यात सोडवला, “किल्ली दे.”

कॉक कोणत्या क्रमाने उघडायचे याचा कागद मी मोरीच्या दारावर चिकटवला होता. अम्मा तेलुगू वाचतात, मराठी वाचत नाहीत, हे चार वर्षे शेजारी राहूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. कागद काढला आणि रंग लावले: हौदात सोडणारा कॉक लाल, पिंपांकडे जाणारा हिरवा, मोटरचे बटण पिवळे. आज पहाटे सव्वापाचला पाणी सुटले. मी खुर्चीवर बसून राहिले आणि काहीही बोलायचे नाही असे ठरवले होते. अम्मांनी आधी हिरवा उघडला. माझ्या कागदाप्रमाणे आधी लाल उघडायला हवा होता. मी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, “पहिली धार गढूळ येते. ती पिंपात घेऊ, भांड्याला चालते. हौदात कशाला घाण?” हे खरे होते आणि नकाशात नव्हते. वहीत क्रम बदलून घेतला.

हौद भरला तसा त्यांनी लाल बंद केला, पिवळे दाबले आणि टाकीला कान लावून उभ्या राहिल्या. भरत आलेल्या टाकीचा आवाज वर सरकत जातो, तो त्यांना हाताने दाखवता येत होता. पाइपमधून थेंब पडू लागला, तेव्हा मोटर बंद करून त्यांनी खाली कळशी ठेवली. कळशी भरायला वीस मिनिटे लागली. तोवर त्या तेथेच बसल्या होत्या. मग ती कळशी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि किल्ली कनवटीला लावली.